गाडीतलं संत्रं

एक

"कोणी सांगितलं? मला दुसरं काही नको. कोणी सांगितलं, तेवढं बोला."

मी आईच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत रसायनशास्त्राशी भांडत बसले होते. पेन टाकून बाहेर आले. काउंटरसमोर निळ्या कोटातल्या बाई उभ्या होत्या. या दर आठवड्याला येतात, कोपऱ्यातली खुर्ची धरतात आणि कोणाकडे बघत नाहीत. त्यांचं नाव मला माहीत नाही. आईकडे येणाऱ्या कोणाचंच नाव मला माहीत नसतं, म्हणून मी आपली त्यांना कोटावरून नाहीतर छत्रीवरून ओळखते.

आई समुपदेशक आहे. लोक येतात, मनातलं बोलतात, आई ऐकते. आधी हे सगळं आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत चालायचं आणि मला स्वतःच्याच घरात चोरासारखं मागच्या दाराने यावं लागायचं. आता प्रॅक्टिस वाढली. ही जागा घेतली. तीन खोल्या, बाहेर बसायला खुर्च्या, काउंटर, आणि काउंटरवर माझी मामी. एक खोली आईची, एक नव्या समुपदेशक ताईची, तिसरी अजून रिकामी. तिच्यात एक खुर्ची आहे, एक खिडकी आहे आणि लवकरच कोणीतरी येईल अशी आशा आहे.

बाईंनी फोन मामीच्या नाकासमोर धरला आणि स्वतःच मोठ्याने वाचायला लागल्या.

"'एक शिक्षिका रोज संध्याकाळी घराखालच्या पार्किंगमध्ये येते, गाडी बंद करते आणि आतच बसून राहते. घरी सांगते, मीटिंग लांबली. अंधारात एक संत्रं सोलून खाते. सालं समोरच्या कप्प्यात लपवते. वर सासू वाट बघत असते.' हे माझ्या नवऱ्याला ऑफिसच्या ग्रुपवर आलं."

मामी खुर्चीसकट मागे सरकली.

"मी शिक्षिका नाही, बँकेत आहे. घरात सासू नाही, नणंद आहे. पण त्या कप्प्यातली सालं माझीच आहेत. नवऱ्याने हे वाचलं आणि जाऊन कप्पा उघडून बघितला. काल मी गाडीत बसले होते तर बहिणीला सोबत घेऊन खाली आला. काचेवर टकटक केली. हसत होता. म्हणाला, संपली का मीटिंग?"

आईच्या खोलीचं दार उघडलं. आई उंबऱ्यावर उभी होती, पांढरीफटक.

"दिवसभरात तेवढी एक जागा माझी होती," बाई तिला म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता आणि तो जास्त वाईट होता. "एक बंद गाडी. तीही गेली. आणि ही गोष्ट मी जन्मात एकाच खोलीत बोलले होते."

त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे छत्रीवाले आजोबाही उठले आणि कोणाकडे न बघता बाहेर पडले.

मग नवी ताई तिच्या दारातून, आई तिच्या दारातून, सगळ्या काउंटरकडे बघायला लागल्या.

"ठिणगे," मामी मला हळूच म्हणाली, "सगळ्या माझ्याकडेच का बघतायत गं?"

दोन

त्याच संध्याकाळी मोठ्या मॅडम आल्या.

मोठ्या मॅडम म्हणजे आईच्या गुरू. आई त्यांच्याच हाताखाली शिकली. दोघींचा फोटो आईच्या खुर्चीमागे लटकतो. आईच्या कामात प्रत्येकाला आपल्या वरचं एक माणूस लागतं, जिथे जाऊन विचारता येतं की मी नीट करतेय ना. आईसाठी ते माणूस म्हणजे मॅडम. दर गुरुवारी आई खाली जाते, आमच्या गाडीत बसते, काचा वर करते आणि त्यांच्याशी फोनवर बोलते. ऑफिसातल्या कोणाच्या कानावर एक अक्षर पडू नये म्हणून. शिवाय आईकडे येणारे निम्मे लोक मॅडमनीच पाठवलेले. थोडक्यात, त्या आल्या की आमच्याकडे सगळे सरळ बसतात.

"बाळ, चहा करशील?" त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मऊ आहे की नाही म्हणायची सोय नसते. मी चहा ठेवला आणि पॅन्ट्रीचं दार मुद्दाम लोटलं नाही.

"अगं, दुसरं कोण असणार?" मॅडम आईला म्हणत होत्या. "काउंटरवर घरातलं माणूस बसवू नये, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. बोलघेवडी आहे ती. काही ऐकलं असेल दारातून, चार ठिकाणी बोलली असेल."

"ती तसं करणार नाही, मॅडम."

"मुद्दाम नसेल केलं. पण तुझं नाव जातंय. शनिवारपर्यंत तिला काढ आणि सगळ्यांना कळव की काढलं. लोकांना काहीतरी केल्याचं दिसावं लागतं."

आईने नाही म्हणायला हवं होतं. तिने नाही म्हटलं नाही.

मामीला लग्नानंतर कोणी कधी काम करू दिलं नव्हतं. मामा म्हणायचा, तुला कोण ठेवणार, तुझं तोंड चार मिनिटं बंद राहत नाही. ही तिची पहिली नोकरी. काउंटरवर बसायला लागल्यापासून ती ताठ चालते. आता माथ्यावर ठपका घेऊन परत जायचं, आणि मामाने दारातच म्हणायचं, बघ, बोललो नव्हतो?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहात साखर टाकली की नाही तेही आठवेना, म्हणून मॅडमच्या कपात परत टाकली.

शनिवारपर्यंत. म्हणजे हातात उद्याचा आणि परवाचाच दिवस. आणि सुरुवात मला मामीपासूनच करावी लागणार होती.

तीन

"ऐकू येतं का तुला दारातून? खरं सांग."

"अगं, मला माझं स्वतःचं ऐकू येत नाही," मामी म्हणाली. "हे बघ की."

आईच्या दाराबाहेर जमिनीवर एक गोल यंत्र असतं. त्यातून पाण्याचा आवाज येत राहतो, आत काय चाललंय ते बाहेर कळू नये म्हणून. मामी त्याला धबधबा म्हणते. आत माणूस गेला की ती धबधबा सुरू करते, बाहेर आला की बंद करते. इथे हाच तिचा सगळ्यात मोठा मान आहे.

"दिवसभर धबधब्याखाली बसल्यासारखं होतं. घरी गेल्यावर तुझा मामा बोलतो तेही पाण्यातून आल्यासारखं वाटतं. तेवढा एक फायदा."

मी तिला आईच्या खोलीत पाठवलं, दार लावलं, धबधबा लावला आणि म्हटलं, मामाला जे बोलावंसं वाटतं ते बोल, मोठ्याने. दाराला कान लावला. काउंटरवरून ऐकलं. भिंतीपाशी ऐकलं. एक शब्द नाही. दार उघडलं तर मामी लालबुंद.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

म्हणजे दारातून नाही. पण मामीनेच खोटं सांगितलं, यंत्र एखाद्या दिवशी बंद ठेवलं, असं कोणीही म्हणू शकलं असतं. मला आणखी काहीतरी हवं होतं.

नवी ताई तिच्या खोलीत फोनवर कुजबुजत होती. "हो, मी दुसरीकडे बघतेय... लवकरात लवकर." मला बघून तिने फोन उलटा ठेवला.

"पळून चाललीस?"

"आधी दारावर टकटक करायची असते."

"कोणासारखी? त्या बाईंच्या नवऱ्यासारखी?"

हे मी फार वाईट बोलले, पण त्याने ती भानावर आली. खुर्चीत बसली, तोंड पाडून.

"आज मामी, उद्या मी," ती म्हणाली. "इथली सगळ्यात नवी मीच आहे. माझ्यावर ढकलायच्या आधी दुसरीकडे काही मिळतंय का बघत होते. मी कोणाला काही सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नाही."

"नको सांगूस. बाईंनी स्वतः सगळ्यांसमोर ओरडून सांगितलंय तेवढ्यावर बोलू. तूच हे लिहिलं असतंस तर?"

"मी? मी त्यांना शिक्षिका कधीच केलं नसतं. शाळा दुपारीच सुटते. रोज संध्याकाळी शिक्षिकेची मीटिंग कशी लांबेल? वेश बदलायचा तर अंगाला बसेल असा तरी बदलायचा. हा बदल घाईत केलाय, कोणीतरी सवयीने केल्यासारखा."

सवयीने. हा शब्द खिशात टाकून मी बाहेर आले. समोर, काउंटरला टेकून, फनेल काका उभे होते. आणि त्यांच्या फोनवर तोच मजकूर उघडा होता.

चार

फनेल काका प्रॅक्टिस वाढवून देतात. हेच त्यांचं काम. ते हातात मार्कर घेऊन फळ्यावर नरसाळं, त्यांच्या भाषेत फनेल, काढतात आणि म्हणतात, वरून इतके लोक ओता, खालून इतके क्लायंट पडतील. गेल्या महिन्यात त्यांनी आईला सांगितलं होतं, तुमच्या क्लायंटच्या गोष्टी द्या, नावं बदलून, लोकांना गोष्टी आवडतात. आईने मार्कर काढून घेतला होता आणि दार दाखवलं होतं, तरी ते येतच राहतात. मला ते इतकं आवडलं होतं की मी तो मार्कर ठेवून घेतलाय.

"तुमच्याकडे कुठून आलं हे?"

"माझ्याकडे सगळं येतं, बेटा. मी चाळीस ग्रुपवर आहे."

"तुम्हीच लिहिलंत."

काका हसले नाहीत. खरं तर दुखावल्यासारखे दिसले.

"हे? नीट बघ. खाली फोन नंबर आहे? नाही. पत्ता? नाही. 'आजच भेटा'? तेही नाही. असला मजकूर मी लिहीन? वाचून माणूस रडणार आणि मग जाणार कुठे? वाया गेलेला मजकूर आहे हा. ज्याने लिहिला त्याला कोणाला कुठे आणायचं नव्हतं. त्याला फक्त लोकांनी गप्प होऊन ऐकायला हवं होतं."

मला त्यांचा राग येतो, पण यात ते खोटं बोलत नव्हते. जो माणूस वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली स्वतःचा नंबर टाकतो, तो इथे विसरणार नाही.

"मला पाठवा."

पाठवलं. मी पॅन्ट्रीत बसून पहिल्यांदा सगळं वाचलं. बाईंनी मधूनच वाचायला घेतलं होतं, सुरुवात वेगळी होती.

'शाळा सुटते. भिंतीवरचे नकाशे गुंडाळले जातात, कपाटाला कुलूप लागतं...'

पुढे तेच, पार्किंग, संत्रं, सालं, सासू. मी ते परत वाचलं. मग परत. काहीतरी खुपत होतं, पण बोट ठेवता येईना. आणि बाहेर मामी तिचा डबा, तिची शाल, काउंटरवरचं तिचं छोटं रोपटं एका पिशवीत भरत होती. कोणी सांगितलंही नव्हतं तिला अजून.

पाच

जेवताना मी आईशी भांडले.

"तू मॅडमना नाही का म्हटलं नाहीस? मामीने काही केलेलं नाही, तुला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे ते मला तुला सांगता येत नाही."

"हे तुझं नेहमीचंच. कोणाचं काही सांगता येत नाही. आणि मामीला मात्र काढता येतं."

आईने घास खाली ठेवला. मला समजवायला लागली की ती हात असे समोर धरते, काहीतरी तोलल्यासारखे.

"हे बघ. समजा, भूगोल शिकवणारी एक बाई आहे. तिच्या वर्गात एक चोरी झाली—"

पुढचं मला ऐकू आलं नाही.

माझी आजी भूगोल शिकवायची. आणि आईला उदाहरण द्यायचं असलं, की मग ते शेजाऱ्यांचं असो, माझ्या मैत्रिणीचं असो नाहीतर तिच्या लहानपणीचं, खरं माणूस झाकायला ती कायम तीच एक बाई पुढे करते. समजा, भूगोलाची एक बाई आहे. भूगोलाच्या बाईने आजवर आमच्या घरात दोन घटस्फोट घेतलेत, एकदा कॉपी करताना पकडली गेलीय आणि मुलीच्या मोबाईलवरून कितीतरी वेळा भांडलीय. माझ्या मैत्रिणीही तिला ओळखतात.

भिंतीवरचे नकाशे.

"आई," मी म्हटलं. माझा आवाज माझा वाटत नव्हता. "तू काही सांगू नकोस. मी बोलते, तू ऐक. ते तुझं कामच आहे."

ती थांबली.

"ज्याने दारातून ऐकलं असतं, त्याला बँक कळली असती. नणंद कळली असती. ताईलाही खरं तेच माहीत असणार, तुम्ही एकाच ठिकाणी काम करता. कोणालाही लपवायचं असतं तर त्याने बँक बदलून काहीही केलं असतं. नर्स, वकील, काहीही. पण त्या मजकुरात नकाशे आहेत. ती भूगोलाची बाई आहे. लिहिणाऱ्याने वेश बदललाच नाही. त्याच्याकडे ही गोष्ट आली तीच वेश बदलून आली. तुझा वेश. म्हणजे ज्याने फोडली त्याला खरी बाई माहीतच नाही, त्याला तुझी भूगोलाची बाई माहीत आहे."

आईचा चेहरा हळूहळू बदलत होता, पाणी उतरावं तसा.

"ही भूगोलाची बाई तू कोणाला सांगितलीस? ऑफिसात नाही. गाडीत बसून, काचा वर करून, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा जागी. तू तिथून बोललीस तेव्हा ऐकणारं एकच माणूस होतं."

आई उठली. तिने हात धुतले. बराच वेळ धुतले.

"सगळं बदललं होतं मी," ती नळाशी बोलल्यासारखी म्हणाली. "काम बदललं. घरातली माणसं बदलली. संत्रं तेवढं राहू दिलं. ते इतकं खरं होतं, की त्याला हात लावावासा वाटला नाही."

सहा

शनिवारी मॅडम आल्या आणि सरळ आईच्या खुर्चीत बसल्या. मामीला काढल्याचं सगळ्यांना कसं कळवायचं, ते त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. मी चहा विचारला नाही.

"मुलीला बाहेर पाठव," त्या म्हणाल्या.

"असू दे तिला," आई म्हणाली. "मॅडम, मी मागे एका गुरुवारी जे बोलले होते, ते तुम्ही कुठे बोललात?"

मला वाटलं होतं त्या दचकतील. त्यांनी पदर नीट केला.

"व्याख्यानात एक उदाहरण दिलं. नाव नाही, गाव नाही. तूच नाव सांगितलं नव्हतंस. मी तर तू दिलेलंच दिलं, शब्दाला शब्द. श्रोत्यांपैकी कोणी लिहून काढलं आणि फिरवलं, तर त्यात माझा काय दोष? संत्र्यापाशी आले आणि सगळं सभागृह गप्प झालं बघ. टाचणी पडली तरी ऐकू आली असती."

हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मला तो फुललेला चेहरा आयुष्यभर विसरता येणार नाही. एका बाईच्या काचेवर टकटक झाली, आणि इकडे या टाळ्या मोजत बसल्या होत्या.

"त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही इथे आलात," मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं. हे तुमच्या व्याख्यानातून गेलंय हे माहीत असताना तुम्ही मामीला काढा म्हणालात."

"बाळ, मला फक्त शंका होती."

"स्वतःवरच शंका होती, आणि काढायचं मामीला?"

त्या आईकडे वळल्या.

"हे वाढवू नकोस. तू नवीन जागा घेतलीस, माणसं ठेवलीस. उद्यापासून माझ्याकडून कोणी आलं नाही तर या खुर्च्यांवर कोण बसणार आहे?"

"कमी लोक बसतील," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी तुमच्यापुढे माणसं ठेवत होते, मॅडम. तुम्ही त्यांच्यातून गोष्टी वेचून घेत होतात. त्या बाईंना मी आज फोन करणार आहे. तुम्ही काय केलंत ते सांगणार, आणि मी काय केलं तेही. उठा, ती माझी खुर्ची आहे."

मॅडम उठल्या. जाताना काउंटरपाशी थांबून मामीला म्हणाल्या, "गैरसमज झाला हो."

मामी, जिचं तोंड चार मिनिटं बंद राहत नाही, तिने नुसतं पिशवीतून रोपटं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

सात

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालं नाही. मॅडमची अजून व्याख्यानं असतात आणि लोक अजून गप्प होऊन ऐकतात. छत्रीवाले आजोबा परत आले नाहीत. फोटो उतरवला, खिळा निघाला नाही, त्यावर मामीने कॅलेंडर लावलं. मी त्या भिंतीकडे बघितलं की अजून दात आवळते.

निळ्या कोटातल्या बाई आल्या. बसल्या नाहीत.

"तुम्ही वेश बदलूनही सांगायला नको होतं," त्या आईला म्हणाल्या. "मला विचारायला हवं होतं."

"हो," आई म्हणाली.

"तुमच्याशी मी आता बोलणार नाही."

"हो."

जायला वळल्या तशा तिसऱ्या खोलीच्या उघड्या दाराशी थांबल्या. आत ती एक खुर्ची, ती खिडकी.

"इथे कोण असतं?"

"अजून कोणी नाही."

"मग संध्याकाळी मी बसत जाईन. कोणी यायचं नाही. कोणी कसं वाटतंय विचारायचं नाही. घरी सांगेन, बँकेतच आहे."

"कोणी येणार नाही," आई म्हणाली.

फनेल काकांनी हे ऐकून तोंड उघडलं, रिकामी खोली म्हणजे काय असतं ते सांगायला. मी खिशातून त्यांचा मार्कर काढून नुसता त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या, आत गेल्या, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दाराखालून संत्र्याचा वास यायला लागला. मामी काउंटरवरून उठली, आईच्या दारापाशी गेली, ते गोल यंत्र उचलून आणलं आणि तिसऱ्या खोलीच्या बाहेर ठेवलं. आत एक शब्द बोलला जात नव्हता. तरी तिने धबधबा लावला.